फिनमार्क, १९४४-४५चा हिवाळा: हुकूम मोडून मागे राहिलेली माणसं तगली कशी?

ध्रुववाट

नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाच्या या हिवाळ्याबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही. जे सापडतं ते सैन्याच्या हालचालींबद्दल. मला या धाग्यात साध्या माणसांच्या रोजच्या अडचणींबद्दल बोलायचं आहे. ऊब, धूर, पाणी, ओल, पावलांचे ठसे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. लपून राहणं हा तिथे शौर्याचा नव्हे, संसाराचा प्रश्न होता. ज्यांना तो संसार जमला ते टिकले.

पार्श्वभूमी थोडक्यात. नॉर्वे १९४०पासून जर्मनांच्या ताब्यात होता. ७ ऑक्टोबर १९४४ला सोव्हिएत फौजांचा हल्ला सुरू झाला आणि २५ ऑक्टोबरला किर्केनेस त्यांच्या हाती आलं. (उच्चार ‘शिर्केनेस’च्या जवळचा, पण नकाशात शोधताना किर्केनेसच बरं.) जर्मनांची २०वी पर्वतीय सेना जनरल लोथार रेंडुलिचच्या हाताखाली पश्चिमेकडे सरकू लागली. लोकांनी आपणहून निघावं असं आवाहन आधीच झालं होतं, त्याला फारसं कुणी जुमानलं नाही. मग २८ ऑक्टोबरला हिटलरचा हुकूम निघाला. लिंगेन फ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली अरुंद खाडी) पूर्वेचा सगळा मुलूख सक्तीने रिकामा करायचा, घरं जाळायची, मागून येणाऱ्या शत्रूला निवारा मिळता कामा नये. नागरिकांची दयामाया करू नये, हेही त्यात स्पष्ट होतं.

फिनमार्क आणि उत्तर त्रोम्स मिळून वस्ती सुमारे ७५,०००. त्यातले सुमारे ५०,००० हलवले गेले, बहुतेक मासेमारीच्या होड्यांतून आणि जहाजांतून, आधी त्रोम्सोकडे आणि तिथून दक्षिणेला. उरलेले सुमारे २५,००० गेले नाहीत. प्रदेश डेन्मार्कहून मोठा, झाडं खुरटी, बाहेरच्या बेटांवर तर जवळजवळ नाहीतच, आणि तोंडावर ध्रुवीय रात्र. हामरफेस्टला २१ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य मावळतो तो २१ जानेवारीच्या आसपासच पुन्हा दिसतो.

जाणकारांनी भर घालावी. शक्य तितकं नेमकं लिहा.

कोनाडा

चांगला विषय. पण २५,००० या आकड्याचे दोन भाग केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘२५,००० लोक हिवाळाभर गुहांत राहिले’ असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे.

त्यातला मोठा हिस्सा पूर्वेचा, वारांगर फ्योर्डच्या आसपासचा. तिथे सोव्हिएत फौजा इतक्या झपाट्याने आल्या की माणसं हलवायला जर्मनांना वेळच मिळाला नाही. त्या लोकांना काही दिवसच काढायचे होते, फार तर काही आठवडे. बेघर झाले ते, हाल झालेच, पण शोधून काढणारा माणूस निघून गेला होता.

ताना नदीच्या पश्चिमेची गोष्ट वेगळी. सोव्हिएत फौजा ताना परिसरापुढे आल्याच नाहीत. तिथून लिंगेनपर्यंतचा पट्टा कुणाचाच नव्हता, आणि त्यात जर्मन गस्ती व जाळपोळ करणाऱ्या तुकड्या येत-जात राहिल्या. धाग्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने या लोकांना लागू होतो.

चूलखंड

निवाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

तिकडची जुनी पद्धत म्हणजे गाम्मे. सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं मातीचं घर. वाकड्या बर्चच्या खोडांच्या दोन जोड्या कमानीसारख्या उभ्या करायच्या, वरून एक आडवा दांडा, त्यावर चहूबाजूंनी बारीक खांब टेकवायचे. त्यावर बर्चची साल, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवत. आणि सगळ्यात बाहेर गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या. आतला व्यास साधारण तीन-चार मीटर. बाहेरून पाहिलं तर उंचवटा, त्यावर बर्फ पडला की नुसती टेकडी.

आता हे नोव्हेंबरात का बिघडतं ते बघा. सालीचा थर पाणी अडवतो, पण बर्चची साल सोलून निघते ती जून-जुलैत, झाडात रस चढलेला असताना. शरदात ती खोडाला घट्ट चिकटलेली असते आणि तुकडे-तुकडे होऊन निघते. म्हणजे घाईघाईत बांधलेल्या गाम्मेत नेमका पाणी रोखणारा थरच नाही. त्याजागी शिडाचं कापड, डांबरी कागद, फळ्या, मिळेल ते घालावं लागे. मातीच्या लाद्याही उन्हाळ्यात कापून वाळवायच्या असतात. ओल्या लावल्या की बाहेरून गोठतात, आत चूल पेटली की आतल्या बाजूने वितळतात, आणि छत ठिबकायला लागतं. अंथरूण ओलं, ते रात्री गोठतं, सकाळी पुन्हा ओलं.

यात माणसांच्या श्वासाची भर. मोठा माणूस श्वास आणि घामावाटे दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतो. एका गाम्मेत दहाजण म्हणजे रोज पाच लिटरच्या वर, आणि ते सगळं भिंतीवर जाऊन बसतं. उपाय एकच, वरचं भोक उघडं ठेवणं. म्हणजे ऊब बाहेर. थंडी पत्करायची की ओल, ही निवड रोजची होती. माझ्या मते लहान मुलांच्या बाबतीत ओल जास्त वाईट.

ध्रुववाट

@चूलखंड, आणि धूर? दिवसा चूल पेटवायची नाही हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ध्रुवीय रात्रीत दिवस म्हणजे नक्की काय?

चूलखंड

दुपारच्या आसपासचे काही तास. सूर्य क्षितिजाखाली असतो, पण आकाश निळसर उजळतं आणि बर्फामुळे तो उजेड दुप्पट वाटतो. तेवढ्यात धुराची रेघ फ्योर्डच्या पलीकडून दिसते, कारण थंड, वारा नसलेल्या हवेत धूर पसरत नाही. सरळ उभा राहतो, किंवा थोडा वर जाऊन आडवा होतो आणि तसाच लोंबकळतो. म्हणून स्वच्छ, शांत दिवस सर्वांत धोक्याचा. वारा किंवा हिमवर्षाव असेल तर चूल पेटवायला हरकत नाही, धूर फाटतो.

रात्री धूर दिसत नाही, ठिणगी दिसते. आणि दार उघडलं की आतला उजेड. त्यामुळे दाराला दोन पडदे, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचा पडदा सोडल्याशिवाय आतला उचलायचा नाही.

लाकडाचं म्हणाल तर ताज्या तोडलेल्या बर्चमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. जळतं, पण पांढरा दाट धूर करतं. उभ्या-उभ्या वाळलेल्या फांद्या बऱ्या. झाडंच नसलेल्या बाहेरच्या बेटांवर पीट (दलदलीतून कापून वाळवलेली, जळणारी माती) आणि समुद्रातून वाहून आलेली लाकडं. पीटचा वास दूरवर जातो हे विसरू नये.

एक गोष्ट कमी लिहिली जाते. जळालेल्या घरात बिडाची शेगडी उरायची. सगळं राख झालं तरी ती उभी. पण तिचा पत्र्याचा पाइप जळून चाळण झालेला असे. शेगडी आणली, पाइप नाही, म्हणून डबे जोडून धुराडं केलं, तर सांध्यांतून धूर आत. आणि रात्री निखारे राखेखाली दाबून वरचं तोंड झाकलं, किंवा बर्फाने ते आपोआप बुजलं, तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे दाबून झोपायचं तर धुराड्याचं तोंड बाहेर जाऊन काठीने मोकळं करणं हे पाळीपाळीने करायचं काम. ते चुकलं तर गस्तीची गरजच उरत नाही.

दर्यावर्दी_६८

किनाऱ्याबद्दल लिहितो. गस्त यायची ती बहुतेक समुद्रातून. होडीतून किनारा न्याहाळत जायचं, ठसे दिसले की उतरायचं. बर्फावरचा ठसा खोडून काढता येत नाही, खोडलेली जागा उलट जास्त उठून दिसते. झाडाच्या फांदीने झाडून काढण्याच्या गोष्टी वाचायला मिळतात. जवळून कदाचित फसवता येईल, पण पाण्यावरून तिरप्या उजेडात पाहिलं तर झाडलेला पट्टाच ओरडून सांगतो.

खरा आडोसा म्हणजे ओहोटीत उघडी पडणारी पट्टी. आखाती प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि त्या पट्टीवर बर्फ टिकत नाही. भरतीच्या रेषेखालून दगडांवरून चाललं तर मागे काही उरत नाही. अडचण शेवटच्या टप्प्याची, पट्टीपासून निवाऱ्यापर्यंत. तो टप्पा नाल्याच्या वाहत्या पाण्यातून किंवा वाऱ्याने बर्फ उडवलेल्या उघड्या खडकावरून काढता आला तरच जागा चांगली. नाहीतर हिमवर्षाव चालू असतानाच ये-जा करायची आणि थांबल्यावर चार दिवस बाहेर पडायचं नाही.

यामुळेच पाणी आणणं हे सगळ्यांत घातक काम. सरपण आठवड्यातून एकदा आणता येतं, पाणी रोज लागतं. रोजच्या पाण्याने पायवाट पडतेच. बर्फ वितळवावा तर दहा लिटर ताज्या, भुसभुशीत बर्फाचं जेमतेम एक लिटर पाणी होतं, आणि त्यासाठी जळण जातं. जळण म्हणजे धूर. आतच झरा ठिबकत असेल अशी कपार मिळाली तर ओल सोसूनही लोक तिथे राहात, ते यासाठी.

होड्यांचं वेगळं दुखणं. जर्मनांना होड्या हव्या होत्या, न्यायला तरी किंवा फोडायला तरी. होडी गेली की मासे गेले आणि सुटकेचा रस्ताही. उलटी केलेली होडी दगडांवर टेकवून, बाजूंनी माती-गवत रचून तिच्याखाली माणसं राहिली, हेही झालं. चांगला निवारा होतो, कारण होडीचा तळ पाणी अडवायलाच बनवलेला असतो. @चूलखंड म्हणतात तो सालीचा थर इथे आयता मिळतो.

माजघर

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. उपासमार हे या लोकांचं पहिलं संकट नव्हतं, कारण समुद्र दारात होता. कॉड आणि सेई दोरी टाकून काठावरून किंवा छोट्या होडीतून मिळत. सुका मासा पोत्यांनी घरात असेच, आणि त्याला ना थंडी लागते ना ओल लगेच. कॉडचं यकृत उकळून तेल काढलं की ते पोटातही जातं आणि दिव्यातही. अंधाराच्या दोन महिन्यांत मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व मिळालं ते या तेलातूनच. दिव्यात मात्र ते तेल फार काजळी धरतं. वात बारीक ठेवावी लागते, नाहीतर सकाळी सगळ्यांच्या नाकात काळं.

तुटवडा होता पिठाचा आणि मिठाचा. मासा पोट भरतो, पण महिनोन् महिने नुसता मासा खाऊन लहान मुलं राहात नाहीत. म्हणून दूध.

आणि गाईचं गणित अवघड. एक गाय दिवसाला दहाएक किलो वाळलं गवत खाते. दोनशे दिवस धरले तर दोन टन. ते गोठ्यात होतं आणि गोठे जाळले गेले. जाळलेल्या इमारतींत ४,७००च्या आसपास गोठे होते, नुसती माणसांची घरं नव्हेत. तिकडच्या किनाऱ्यावर गवत कमी पडलं की माशांची मुंडकी आणि समुद्रशेवाळ एकत्र उकळून गाईला द्यायची जुनी रीत होती. तीच कामी आली असणार जिथे गाय वाचवता आली तिथे. पण उकळणं म्हणजे पुन्हा धूर, आणि गाय हंबरते. बहुतेकांनी जनावरं कापली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेलं मांस बाहेर गोठून टिकतं, मीठ लागत नाही, ही एकच सोय.

मेंढी जास्त सोयीची. कमी खाते, आणि माणसांच्या निवाऱ्यात ऊब देते.

हंडीकंदील

निवाऱ्यांत ब्योर्नेवाट्नच्या खाणीचा उल्लेख व्हायलाच हवा. किर्केनेसच्या दक्षिणेला लोखंडाची खाण, तिच्या बोगद्यात ३,०००हून जास्त माणसं राहिली. किर्केनेसवर युद्धकाळात ३००हून अधिक हवाई हल्ले झालेले, त्यामुळे बोगद्याकडे धाव घेणं लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. कुटुंबांनी फळ्यांचे आडोसे करून खोल्या पाडल्या, जनावरंही आत आणली, बाळंतिणींसाठी जागा राखली. दहा मुलं त्या बोगद्यात जन्मली.

गुहेपेक्षा खाण वेगळी कशात? तिथे वर शेकडो टन खडक आहे, धूर-ठशांचा प्रश्न नाही, कारण लपण्याचा प्रयत्नच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं लोक कुठे आहेत. संरक्षण होतं ते संख्येत आणि वेळेत. तीन हजार माणसं बाहेर काढून जहाजांवर घालायला जर्मनांकडे तेवढे दिवस उरले नव्हते. हेच लोक ताना नदीच्या पश्चिमेला, पोरसांगर फ्योर्डच्या काठी असते तर बोगद्याने त्यांना वाचवलं नसतं.

कोनाडा

अगदी बरोबर, हाच मुद्दा. अंतर आणि वेळ.

रानवाट

आतल्या पठाराबद्दल कुणी बोललं नाही. कारासयोक-काउतोकेइनोकडचे रेनडिअर पाळणारे सामी लोक. त्यांच्या दृष्टीने पठारावर हिवाळा काढणं म्हणजे दरवर्षीचंच काम. तंबू, कातडी, बर्फावरच्या घसरगाड्या, चालतंबोलतं अन्न. कळप हलला की माणसं हलली. किनाऱ्यावरच्या माणसाला लपायला जागा शोधावी लागली, यांना फक्त परत न येणं पुरेसं होतं.

पण थंडी वेगळ्या जातीची. किनाऱ्यावर उणे पाच-दहा, वारा आणि ओल. कारासयोकला उणे तीस-चाळीस नवल नाही, नॉर्वेतलं नीचांकी तापमान, उणे ५१.४, तिथलंच आहे. त्या हवेत धूर दिसतो तसा आवाजही दूर जातो. कुऱ्हाडीचा घाव, गाडीखाली करकरणारा बर्फ. कारासयोक गावही जळालं. १८०७चं जुनं लाकडी चर्च तेवढं उरलं.

ध्रुववाट

सगळ्यांचे आभार, मला हवं होतं ते हेच. एक प्रश्न @कोनाडा यांना. सापडल्यावर काय होत असे? आणि पुढे कायद्याने याकडे कसं पाहिलं?

कोनाडा

सापडलेल्यांना बहुतेक वेळा होडीत घालून पश्चिमेला पाठवलं जाई आणि निवारा जाळला जाई. गोळ्याही घातल्या गेल्या. अगदी शेवटची घटना ६ मे १९४५ची, हॉपसायदे इथली. पाणबुडीतून उतरलेल्या जर्मनांनी सहा नागरिकांना ठार केलं. जर्मनीची शरणागती दोन दिवसांवर होती. हे लिहितानाही संताप येतो.

एक गैरसमज दूर करतो. काम फक्त जर्मन गणवेशातल्यांनी केलं नाही. जर्मनांच्या पाठिंब्यावरच्या क्विसलिंगच्या नॉर्वेजियन सरकारातले दोन मंत्री, योनास ली आणि योहान लिप्पेस्ताद, लोक हलवण्याच्या कामावर जातीने उत्तरेत आले होते.

न्युरेंबर्गमध्ये रेंडुलिचवर खटला चालला. फिनमार्कच्या जाळपोळीच्या आरोपातून तो सुटला. न्यायालयाचं म्हणणं असं, की मागे वळून पाहता लष्करी गरज नव्हती असं दिसतं, पण त्या वेळी त्याच्यासमोर जी माहिती होती तिच्यावरून त्याने प्रामाणिकपणे गरज मानली असू शकते. बाकीच्या आरोपांत २० वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे १० झाली, आणि १९५१ला तो बाहेर आला.

१९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं ४९वं कलम वाचा. व्याप्त प्रदेशातून सक्तीची हकालपट्टी बंद. लोकांच्याच सुरक्षेसाठी किंवा अटळ लष्करी कारणासाठी तात्पुरतं हलवता येतं, पण राहण्याची नीट सोय हवी, कुटुंबं तोडायची नाहीत, आणि लढाई थांबताच लोकांना घरी परत आणायचं. फिनमार्कच्या लोकांना परत यायला घरच ठेवलं नव्हतं. जवळपास ११,००० घरं, १०६ शाळा, २७ चर्च, २१ रुग्णालयं. हामरफेस्टमध्ये स्मशानाचं छोटं चॅपल सोडून एक इमारत उभी नव्हती.

दर्यावर्दी_६८

हामरफेस्टजवळच्या सोरोया बेटाचं राहिलं. तिथे शेकडो माणसं गुहांत, कपारींत, मातीच्या खोपटांत हिवाळा काढत होती. १५ फेब्रुवारी १९४५ला चार विनाशिका आल्या: झांबेझी, झीलस, झेस्ट या ब्रिटिश आणि सू ही कॅनेडियन. ५०२ लोकांना उचलून रशियातल्या कोला खाडीत नेलं, तिथे त्यांना ब्रिटनकडे परतणाऱ्या आरए-६४ या ताफ्यातल्या मालवाहू जहाजांवर वाटून दिलं.

आणि तो ताफा वादळात सापडला. हेन्री बेकन या जहाजावर सोरोयाचे १९ जण होते. २३ फेब्रुवारीला ते ताफ्यापासून मागे पडलेलं असताना जर्मन विमानांनी बुडवलं. बचावनौकांत जागा कमी होत्या. निर्वासितांना आधी बसवलं गेलं. एकोणीसही जण वाचले, जहाजाचा कप्तान आणि बरेच खलाशी गेले.

माजघर

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

चूलखंड

@दर्यावर्दी_६८, गुहांबद्दल एक पुरवणी. गुहेत आग पेटवून गुहा तापत नाही. खडक उष्णता पीत राहतो, आणि धूर छताला चिकटून तोंडातून पट्ट्यासारखा बाहेर येतो. गुहेच्या आत फळ्यांची किंवा शिडाच्या कापडाची छोटी खोली करायची, जमिनीपासून वर उचललेली, आणि शेगडी तिच्यात. तापवायची ती खोली, डोंगर नव्हे. हे ज्यांनी पहिल्या आठवड्यात केलं त्यांचं सरपण पुरलं.

हंडीकंदील

परत आल्यानंतरचं एक. निघण्याआधी लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेल्या वस्तू: कपबश्या, शिवणयंत्र, भांडी, जाळी. वसंतात परतल्यावर त्या शोधणं सोपं नव्हतं. घर, कुंपण, गोठ्याचा कोपरा, खुणेच्या सगळ्या लाकडी वस्तू जळालेल्या. उभी राहिलेली ती विटांची धुराडी, तीही सगळीच नाहीत. धुराड्यापासून किंवा मोठ्या खडकापासून पावलं मोजून ठेवलेली असतील तरच नेमका खड्डा लागायचा. आणि फावडं मारण्याआधी विचार करावा लागे, कारण जाताना सुरुंग पेरलेले होते. रस्त्याच्या कडेला, धक्क्यांजवळ, घरांच्या पायांतही. म्हणून आधी बारीक लोखंडी सळई तिरपी, हलक्या हाताने घालून बघायची. उभी दाबायची नाही.